४५ किलो शेंगा

फाईलवर शेरा होता, 'बियाणे प्रमाणापेक्षा जास्त'. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली भुईमुगाच्या बियाण्याच्या अनुदानाची फाईल. सरद, म्हणजे पावसाळी भात, कापून झाली की वायंगणात, म्हणजे रब्बीत, जमिनीतल्या ओलीवर भुईमूग घालायचा, ही इथली जुनी पद्धत. अर्जदार काकी साठीच्या पुढच्या. कृषी कार्ड, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा), बिल, पासबुक, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत.

उताऱ्यावर जमीन भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, नावावर, पण कूळ म्हणून काकींच्या घोवाचं, म्हणजे नवऱ्याचं, नाव. वारस नोंद झालेली, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. एरवी निम्म्या फाईली तिथेच झोपतात.

अडलं होतं ते बिलावर. क्षेत्र २,५०० चौरस मीटर, म्हणजे पाव हेक्टर. हेक्टरी १२५ किलो धरले तर ३१ किलो बसतात. बिल ४५ किलोचं. तपासणाऱ्याने १४ किलो जादा म्हणून फाईल परत केली होती. १२५ किलोचा हिशेब दाण्यांचा, आणि दुकानदाराने बिलावर नुसतं 'भुईमूग बियाणे' लिहिलेलं. काकींनी घेतल्या होत्या शेंगा. फोडल्यावर शेंगेच्या वजनाचे साधारण ७० टक्के दाणे निघतात. ४५ चे ७० टक्के साडेएकतीस. हिशेब बरोबर जुळत होता.

पण कागदावर जुळलं म्हणून पुरत नाही, पीक उभं असेपर्यंत शेत बघावं लागतं. दोरीचा एक मीटरचा चौकोन करून पाच ठिकाणी टाकला. ओळीत ३० सेंटीमीटर आणि रोपांत १० सेंटीमीटर अंतर ठेवलं तर चौकोनात ३३ रोपं यायला हवीत. मधल्या भागात २८-२९ भरली, बांधाकडे त्याहून कमी. तिथे उगवणीच्या वेळीच मोर आणि कावळे दाणे उपसतात. बियाणं शेतातच गेलंय हे दिसत होतं. पंचनाम्यात तेवढं लिहिलं, दुकानदाराकडून बिलावर 'शेंगा' असं लिहून शिक्का घेतला आणि फाईल पुढे गेली.

पुढे दुसरीच भानगड. संगणकावर रक्कम 'यशस्वी', पासबुकात दमडी नाही. काकींचा एकच प्रश्न, "म्हजे पैशे खंय गेले, सायबा?"

आधारवरून जाणारा पैसा अर्जावर लिहिलेल्या खाते क्रमांकाकडे बघतच नाही. बँकांमधली देवघेव चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या मॅपरवर, म्हणजे कुठल्या आधारचा पैसा कुठल्या बँकेत जायचा त्या यादीवर, त्या आधारपुढे जी बँक असेल तिथे तो जातो, आणि तिथे सगळ्यात शेवटी जोडलेली बँक राहते. खात्याला आधार लागला म्हणजे मॅपरवर नाव चढलं असं नाही. या दोन गोष्टींची गल्लत बँकेच्या काऊंटरवरही होते. मॅपरवर कुठली बँक आहे ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं, किंवा नोंदवलेल्या मोबाईलवरून *९९*९९*१# लावूनही कळतं.

काकींच्या आधारपुढे एक पेमेंट बँक निघाली. मोबाईलचं सिम घेताना अंगठा लावला, त्याच वेळी ते खातं उघडलं गेलेलं. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. पैसे तिथे सुखरूप होते. फोनवरून ओळख पटवून ते नेहमीच्या खात्यात वळवले, आणि त्या नेहमीच्या बँकेत डीबीटी (सरकारी अनुदान थेट खात्यात) इथेच हवं, असा संमतीचा फॉर्म भरून दिला. पोच घेतलीच. ती नसली की महिनाभराने बँक फॉर्म आलाच नाही म्हणते. शिवाय त्याच बँकेत दोन खाती असतील तर कुठल्या खात्यात जमा करायचे तेही लिहून द्यावं, कारण मॅपरला बँक कळते, खातं नाही.

मॅपरवर नवी बँक दिसल्यावरच पुढच्या अनुदानाचा अर्ज घ्यायचा असं ठरवलं. तोवर काकींचा भुईमूग उपटून, सुकवून, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकून झाला होता.