शिवडा नको

भिगवण, मे अखेर

दुपारी तात्यांचा फोन. उजनीत दोन हात लांबीचा शिवडा जिवंत मिळालाय, ड्रममध्ये ठेवलाय. "तुझ्या तळ्यात मरळी हायेत, वाम हाय, आता ह्यो टाक. संध्याकाळपर्यंत सांग, न्हायतर बाजारात जाईल."

मला हा मासा मनापासून आवडतो. चांदीसारखं सपाट अंग, लांबलचक मिशा आणि डोळ्यांच्याही मागे गेलेली जबड्याची फाक. पण ही फाकच अडचणीची. शिकारी मासे एकत्र ठेवताना लोक विचारतात, कोण जास्त तापट? मी आधी पाहतो, कुणाच्या तोंडात कोण मावतं. माझ्या मरळी जेमतेम दीड-दोन वितीच्या. शिवडा रात्रीचा शिकारी, त्यांच्याशी भांडत बसणार नाही, सरळ गिळेल. वाम दिवसभर दगडांच्या सांदीत असते, पण तीही रात्रीच बाहेर पडते.

दुसरं म्हणजे पहाट. उन्हाळ्यात पाणी कोमट, त्यात शेवाळ आणि पाणवनस्पती रात्रभर प्राणवायू ओढत राहतात. उजाडायच्या आधी तो सर्वांत कमी असतो. तेव्हा तळ्याच्या काठावर उभं राहिलं की मरळींचं नाक पाण्यावर येताना दिसतं, 'चप्' असा बारीक आवाज होतो आणि हवेचा घोट घेऊन त्या खाली जातात. त्यांना ती सोय आहे. शिवड्याला नाही, तो वाहत्या नदीचा नि मोठ्या जलाशयाचा मासा. माझ्या एवढ्याशा तळ्यात एका रात्री वीज गेली, पंप थांबला, की सगळ्यात आधी तोच जाईल.

शिवाय पाऊस तोंडावर आलाय. पावसात मरळीची जोडी जमली की गवतात जागा साफ करून तरंगती अंडी घालते. मग तांबूस पिलांचा पुंजका पाण्यावर फिरतो आणि त्याखाली राखण करणारी मरळ कुणालाही जवळ फिरकू देत नाही. त्या दिवसांत तळं त्यांचंच.

दुकानात अ‍ॅलिगेटर गार या परदेशी शिकारी माशाची वीतभर पिलं विकतात, त्याचा तर मला संतापच येतो. तो पुढे दोन मीटरच्या वर जातो. असाच एक २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात सापडला. परदेशी मासा घरी मावेनासा झाला म्हणून नदी-धरणात सोडणं हा गुन्हाच समजला पाहिजे.

शिवड्याचं मात्र घरच उजनी. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत तो 'असुरक्षित' आहे आणि पावसाळा हाच त्याचा विणीचा हंगाम.

संध्याकाळी तात्यांना फोन केला. "तात्या, बाजारभावानं पैसे मी देतो, पण त्याला परत धरणात सोडाल का?"

"मासा इकत घ्यायचा आन् सोडायचा?" तात्या जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सकाळी सहाला होडीवर ये. ड्रम उचलायला दुसरं माणूस लागतंय."