खाज सुटली म्हणून आधी अंघोळ बदलली

सोलापुरात जानेवारीतल्या गड्डा जत्रेच्या दिवसांत नडगी अशी पांढरी पडते की नखानं रेघ ओढली तरी उमटते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की मानेवर नि कोपराच्या खोबणीत चुणचुण सुरू. क्रीमच्या मागे लागण्याआधी मी अंघोळीकडे पाहिलं.

आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, मधले दिवस बोअरवर. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संबंध आला की न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला चिकटतो तोच अंगावरही राहतो. शिवाय साध्या साबणाचा पीएच 9-10, त्वचेचा 5 च्या आसपास. म्हणून साबणाच्या जागी सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली सौम्य वडी आणली. त्याचा साका होत नाही. तोही फक्त काखा, जांघा आणि पावलांना. पोटऱ्या, दंड यांना नुसतं पाणी पुरतं. पाणी कोमट, गीझरचं कढत नाही. घासणी बंद. शेवटचे दोन तांबे साठवलेल्या नळाच्या पाण्याचे.

टॉवेल आपल्या गावचाच, पण नवाकोरा असेल तर दोनदा धुऊन मगच वापरायचा. अंग खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं. थोडी ओल राहू द्यायची आणि तीनेक मिनिटांत बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं: अंग पूर्ण वाळल्यावर, तेही चिमूटभर लावतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. एका पायाला अशा सहा रेघा लागतात, पाऊल वेगळं. लावताना केसांच्या दिशेनं हात फिरवायचा, उलटं चोळलं की केसांच्या मुळांशी पुळ्या येऊ शकतात. भेगाळलेल्या टाचांना रात्री पेट्रोलियम जेली आणि मोजे. खोबरेल अंगाला चालतं. मुरुमांच्या चेहऱ्याला नको.

नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघायचं. वासाच्या क्रीमची रिअॅक्शन कधी कधी दोन-तीन दिवसांनी उठते, एका दिवसात कळत नाही. चेहऱ्याला लिंबू चोळणं तर सोडाच. लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं की फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. त्यापेक्षा एसपीएफ 30 चं सनस्क्रीन, चेहरा-मानेला दोन बोटं भरून, निघण्याआधी पंधरा मिनिटं. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

कपड्यांकडे लक्ष जात नाही. बोअरच्या जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यात फेस येईना म्हणून पावडर जास्त पडते आणि ती चादरीत राहते. एकदा जादा खंगाळून काढावं.

एवढं करून दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणू नये. अशा बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असतं; गजकर्णावर लावलं की लाली दबते, बुरशी मात्र पसरत राहते. कडेनं लाल, मधे साफ असा गोल चट्टा दिसला तर थेट त्वचारोगतज्ज्ञ. रात्री खाज वाढत असेल आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल तर खरजेची शंका घ्यावी. त्यात सगळ्या घरानं एकाच वेळी औषध लावावं लागतं, एकट्यानं लावून ती परत येते.