मामाची बंदूक आणि अमेरिकेतल्या दुकानदाराचा फॉर्म

अमेरिकेत बंदुका विकणाऱ्या दुकानदारांना तिथलं सरकार पत्रं लिहितं. अगदी जाहीर पत्रं, सगळ्या लायसन्सवाल्या दुकानदारांना उद्देशून, की बाबांनो असं असं गिऱ्हाईक आलं तर हे विचारा, हे विचारू नका, इथे सही घ्या, इथे थांबा. ही पत्रं लिहिणाऱ्या खात्याचं नाव एटीएफ, म्हणजे दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं हे चार विषय एकाच ऑफिसाकडे (आमच्याकडे हे चारही एकत्र फक्त वरातीत दिसतात, पण ते जाऊदे).

मी ह्या भानगडीत कसा पडलो तर माझं सिंधुदुर्गात एका तालुक्याच्या गावात ई-सेवा केंद्र आहे, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, जे येईल ते भरून देतो, आणि मामाच्या शेती संरक्षणाच्या बंदुकीचं लायसन रिन्यू करायचं काम अर्थातच भाच्याच्या गळ्यात. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी, नेट असेल तेव्हा वाचत बसतो, आणि आपले शस्त्र नियम शोधता शोधता एकदा अमेरिकन नियमांच्या पानावर पोचलो ते मग सोडवेना. फॉर्म भरणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा फॉर्म बघायला काय मजा येते ते फॉर्म भरणाऱ्यालाच कळेल.

आधी आपलं सांगतो, कारण मुंबई-पुण्याच्या लोकांना वाटतं कोकणात बंदूक म्हणजे काय तरी भलतंच. आमच्याकडे काजूच्या, केळीच्या बागा आहेत, माडावर वानर चढलं की कोवळे नारळ खाली, डुकरं रात्रीत भाताची नासाडी करतात, गवे येतात, आणि दोडामार्ग तिलारीकडे २००२ पासून कर्नाटकातून हत्तीपण येतात. त्यामुळे जुन्या बागायतदारांकडे बंदूक असते, बहुतेक ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची), नाहीतर एकनळी काडतुसाची. आणि ती मारायला नसते बरं का, वनखात्याच्या परवानगीशिवाय जनावर मारलं तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, आत जाल. ती असते बार काढायला. आवाज झाला की वानरं शेजारच्याच्या बागेत जातात, मग शेजारी बार काढतो, ती परत आपल्याकडे येतात, असं चालू असतं.

ह्या ठासणीच्या बंदुकीचा तर आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात सरळ उल्लेख आहे, कलम १३ मध्ये, की खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली तर लायसन द्यायचं, आणि तेवढ्याने भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. पण त्यासाठी अर्ज, पोलीस रिपोर्ट, बंदूक घरात सुरक्षित कुठे ठेवणार त्याची माहिती, हत्यार हाताळण्याचं ट्रेनिंग, मग जिल्हाधिकाऱ्यांची सही, हे सगळं आधी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन ५ वर्षांचं झालं (आधी ३ होतं) आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका. हे सगळं होऊन पुस्तक हातात आलं की मगच दुकान.

दुकानात काय होतं ते मी मामासोबत जाऊन बघितलंय. दुकानदार म्हणजे एकदम शांत म्हातारा, चष्मा नाकावर, आधी लायसनचं पुस्तक उलटं-सुलटं करून फोटो बघणार, मग मामाकडे बघणार, मग परत फोटो. मग तारीख. मग काडतुसं किती घ्यायची परवानगी आहे तो आकडा, त्यावर बोट ठेवून मागच्या खरेदीच्या नोंदी एक एक खाली येणार, तोंडाने हळू आवाजात बेरीज. मग स्वतःच्या रजिस्टरात लिहिणार, मग मामाच्या पुस्तकात, दोन्हीकडे तोच आकडा, शिक्का, फुंकर मारून शाई वाळवली आणि मग कुठे लाल काडतुसांचं खोकं काउंटरवर आलं. मामा तोवर दोनदा चहा पिऊन आलेला. पण नीट बघितलं तर त्या दुकानदाराने ठरवलं असं काहीच नाही. मामा बंदूक ठेवायला लायक आहे की नाही हे वरून ठरून आलं होतं, ह्याने फक्त जुळवून बघितलं.

अमेरिकेत नेमकं हेच उलटं आहे. देशाच्या कायद्याने साध्या रायफलसाठी किंवा पिस्तुलासाठी गिऱ्हाईकाला लायसन लागतच नाही (काही राज्यांचे स्वतःचे वेगळे नियम आहेत), लायसन दुकानदाराला लागतं. १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट, त्याखाली फेडरल लायसन, साध्या डीलरला तीन वर्षांचे २०० डॉलर. म्हणजे गिऱ्हाईक लायक आहे का हे बघायची वेळ येते ती थेट काउंटरवर, गिऱ्हाईक पाकीट काढून समोर उभं असताना. एक फॉर्म आहे, नंबर ४४७३, तो गिऱ्हाईकाने स्वतः भरायचा, नाव पत्ता, कधी मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झालीय का, घरगुती मारहाणीची केस आहे का, नशा करता का. मग दुकानदार एफबीआयच्या सिस्टिमला विचारतो, ती १९९८ च्या नोव्हेंबरपासून चालू आहे, उत्तर येतं पुढे जा, थांबा किंवा नाही. थांबा आलं आणि कामकाजाचे तीन दिवस गेले तरी पुढचं उत्तर आलं नाही, तर देशाच्या कायद्याने दुकानदार विकू शकतो, आणि नको वाटलं तर नाही विकला तरी चालतं. २१ च्या खालच्या पोरांसाठी २०२२ पासून ही मुदत वाढू शकते, कामकाजाच्या दहा दिवसांपर्यंत. पण विचार करा, सरकारने उत्तर दिलं नाही आणि निर्णय कोणाचा, तर दुकानदाराचा! म्हणून मग त्याला एवढी पत्रं. जो माणूस ठरवणार त्यालाच समजावून सांगावं लागणार ना. आपल्या म्हाताऱ्याला कोण कशाला पत्र लिहील, त्याच्या हातात बेरजेपलीकडे काय आहे.

मामाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "थय दुकानात जावन उभ्या उभ्या गावता बंदूक?" म्हटलं गावता, पण एक केस ऐक, तुझी-माझीच आहे.

अब्राम्स्की नावाचा एक माजी पोलीस, व्हर्जिनियातला. त्याच्या काकाला, का मामाला, इंग्रजीत दोघांना एकच नाव त्यामुळे आपण मामाच धरू, पिस्तूल हवं होतं. भाचा म्हणाला मला पोलीस म्हणून डिस्काउंट मिळेल, मी घेतो. मामाने ४०० डॉलरचा चेक पाठवला. भाच्याने दुकानात जाऊन ४४७३ भरला, त्यात प्रश्न आहे की खरा खरेदीदार तुम्हीच का, ह्याने हो वर खूण केली, एफबीआयच्या तपासणीत पास झाला, पिस्तूल घेतलं, आणि मामाला रीतसर दुसऱ्या राज्यातल्या लायसन्सवाल्या दुकानातून ट्रान्सफर करून दिलं. मामाचीपण तिथे पुन्हा तपासणी झाली, तोही पास. म्हणजे दोघंही लायक, काही चोरीमारी नाही. तरी भाच्यावर केस. सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, २०१४ मध्ये निकाल, पाच विरुद्ध चार, भाचा दोषी. का तर हो वर केलेली खूण खोटी.

"मगे तेना गुन्हो काय केल्यान? मामाक होयी होती, भाच्यान हाडून दिल्यान."

"पैशे कोणाचे?"

"मामाचेच ना!"

हेच तर. फॉर्मच्या मागे सूचना आहेत त्यात उदाहरणंच दिलीयत, स्मिथने जोन्सला पैसे दिले आणि म्हणाला माझ्यासाठी बंदूक आण, तर जोन्स खरा खरेदीदार नाही, त्याला नाही लिहावं लागेल आणि दुकानदाराने विकायची नाही. पण ब्राऊनने स्वतःच्या पैशाने ब्लॅकला भेट द्यायला घेतली तर ब्राऊन खरा खरेदीदार, चालेल. म्हणजे भाच्याने स्वतःच्या खिशातून घेऊन मामाला वाढदिवसाला दिलं असतं तर ह्या प्रश्नावर कुणी अडवलं नसतं. मला वाटतं चार जज विरोधात गेले त्यात नवल नाही, पण पाच जणांचंपण पटतं, कारण दुकानदारासमोर जो उभा आहे त्याचीच तपासणी होणार असेल आणि बंदूक भलत्याकडेच जाणार असेल तर ती तपासणी काय चाटायचीय. सगळा डोलाराच त्या एका खुणेवर उभा आहे.

आपल्याकडे गंमत अशी की भाच्याला मामासाठी बंदूक विकत घ्यायला काही वावच नाही, पण मामाची बंदूक न्यायला आहे! आपल्या शस्त्र कायद्याच्या कलम ३ मध्ये सवलत आहे, लायसनधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल तर दुसरा माणूस बंदूक दुरुस्तीला किंवा रिन्यूअलला घेऊन जाऊ शकतो. चिठ्ठी मात्र पाहिजे. मामाचं अक्षर बघता पोलिसाने अडवलं तर ती चिठ्ठी वाचायला मामालाच बोलवावं लागेल.

पत्रांमधलं मला सगळ्यात भारी वाटलं ते सप्टेंबर २०११ चं. तोवर तिथे बऱ्याच राज्यांनी औषध म्हणून गांजाला परवानगी दिली होती, डॉक्टरची चिठ्ठी, कार्ड, सगळं कायदेशीर. एटीएफने दुकानदारांना लिहिलं की राज्याने काहीही म्हणू दे, देशाच्या कायद्यात गांजा बेकायदाच, त्यामुळे गिऱ्हाईकाकडे असं कार्ड आहे हे तुम्हाला माहीत असेल तर बंदूक द्यायची नाही. आता त्या दुकानदाराची अवस्था बघा, गिऱ्हाईकाने पाकिटातून ओळखपत्र काढलं आणि मागून ते दुसरं कार्ड डोकावलं तर? बघितलं तर विकता येत नाही, आणि नव्हतं बघितलं म्हणावं तर लायसन पणाला. असल्या वेळी शंभर पानी नियमावली काय कामाची, तिथे दोन पानी पत्रच लागतं, भाषा कडक असली तरी.

दुकानदाराच्या नोंदवहीचं म्हणाल तर तिथेपण वहीच. माल आला की पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत नोंद, गेला की सात दिवसांत. बंदूक चोरीला गेली किंवा सापडेना तर ४८ तासांत एटीएफला आणि लोकल पोलिसांना कळवायचं. एकाच माणसाने पाच कामाच्या दिवसांत दोन किंवा जास्त पिस्तुलं घेतली तर वेगळा रिपोर्ट. साध्या तपासणीला एटीएफवाले वर्षातून एकदा वॉरंटशिवाय येऊ शकतात. आणि दुकान बंद झालं की सगळ्या वह्या आणि फॉर्म वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला एका केंद्रात जमा. तिथे स्कॅन करतात पण नाव टाकून शोधता येईल असा कॉम्प्युटर बनवायला त्यांना परवानगीच नाही, १९८६ च्या कायद्याने बंदूकवाल्यांची देशभराची यादी करायला बंदी आहे. त्यामुळे गुन्ह्यात बंदूक सापडली की नंबरावरून आधी कंपनी, मग होलसेलवाला, मग दुकान, आणि दुकान बंद असेल तर माणसं बसून पानं बघत जातात. आपल्याकडे उलट सगळी लायसनं एका राष्ट्रीय डेटाबेसमध्ये, प्रत्येकाला युनिक नंबर, तो नसेल तर लायसनच धरत नाहीत. मामाचा नंबर मी मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलाय कारण पुस्तक त्याला ऐन वेळी कधी सापडत नाही.

आणि ठासणीची बंदूक! नळीत दारू ओता, काथ्या ठासा, छर्रे, परत काथ्या, गजाने दाबा, केप बसवा, एवढं होईपर्यंत वानर नारळ खाऊन करवंटी टाकून पण जातं. ह्या बंदुकीसाठी आपल्याकडे कलेक्टरची सही. आणि अमेरिकेच्या त्या १९६८ च्या कायद्यात काळ्या दारूची ठासणीची बंदूक, जिच्यात काडतूस चालत नाही, ती बंदूकच धरत नाहीत, 'अँटिक' म्हणून बाजूला. आजच्या कारखान्यात बनवलेली असली तरी. ४४७३ नाही, एफबीआय नाही. हे ऐकून मामा बराच वेळ गप्प होता आणि मग निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस स्टेशनला बंदूक जमा करायला किती हेलपाटे पडले ते मोजायला लागला. आता कोणाची जमा करायची हे कमिटी बघून ठरवते असं आहे, सरसकट नाही, पण गावात तोंडी निरोप आला की लोक मुकाट्याने नेऊन ठेवतात, आणि नेमके काजू-आंब्याचे दिवस असतात.

सध्या आमच्या डोक्यात वारसाचा विषय आहे. आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांत २५ वा नियम आहे, लायसनधारक सत्तरीचा झाला किंवा २५ वर्षं बंदूक बाळगली, दोन्हीतलं जे आधी होईल तेव्हा, जिवंतपणीच वारसाच्या नावाने लायसन मागता येतं, वारस लायक पाहिजे एवढंच. मामा दोन्हीत बसतो. मामेभाऊ असतो गोव्यात, तो म्हणतो मला बंदूक नको, सोलरचं कुंपण घाल. मामी म्हणते दोन्ही नको, वानरांक खावंदे. मी अर्ज अर्धा भरून ड्राफ्टमध्ये ठेवलाय, वारसाचा फोटो आणि सही बाकी आहे, चतुर्थीला भाऊ घरी आला की बघू.