एफ-२४ ची पहिली स्टिरिओ जोडी: लळिंगचा डोंगर, एक्स-रे फिल्म आणि आप्पांचं बोट

मंडळी, एफ-२४ मधून पहिली धड स्टिरिओ जोडी निघाली, म्हणजे थोडं सरकून काढलेले एकाच विषयाचे दोन फोटो, जे एकत्र पाहिले की खोली दिसते. विषय धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला, लेन्स ८ इंची, जागा पायथ्यापासून साधारण दीड किलोमीटरवरचा एका शेताचा बांध.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. एफ-२४ हा ब्रिटिश हवाई दलाचा टेहळणी कॅमेरा. १९२० च्या दशकात बनला आणि दुसऱ्या महायुद्धात भरपूर वापरला गेला. निगेटिव्ह ५ बाय ५ इंच. साडेपाच इंच रुंदीच्या फिल्मची गुंडाळी वरच्या मॅगझिनमध्ये बसते आणि एका गुंडाळीत १२५ फोटो निघतात. माझ्याकडे भंगारातून आला तो नुसता धड आणि लेन्स बसलेला शंकूसारखा पुढचा भाग. मॅगझिन नाही, मोटर नाही. ती फिल्मही आता बाजारात मिळत नाही. म्हणून धुळ्यातल्या एका सुताराकडून सागवानी पाठ करून घेतली. तिच्यात एका वेळी एकच तुकडा बसतो. शटरच्या पडद्याची बारीक भोकं बुजवून झाली आहेत आणि तो हाताने ताणला की नीट सुटतो. लेन्स मुळातच अनंत अंतरावर पक्की असल्यामुळे फोकसची कटकट नाही. फिल्मच्या जागी दुधी काच धरून लांबचा डोंगर रेखीव दिसतो का, एवढंच पाहायचं.

फिल्म म्हणून वापरतोय एक्स-रेची. १० बाय १२ इंची एका तावातून ५ बाय ५ चे चार तुकडे निघतात आणि लाल दिव्याखाली कापता येतात, ही मोठी सोय. मात्र तिच्या दोन्ही बाजूंना प्रकाश टिपणारा लेप असतो. ओली असताना ट्रेच्या तळाला घासली की ओरखडा आलाच. ट्रेत काच टाकून घेतली की हा त्रास बराच कमी होतो.

इथपर्यंतचं काम वाचून-बघून जमण्यासारखं होतं. पुढचं आप्पांमुळे झालं.

आप्पा आमच्याच गल्लीतले. हवाई दलात आग्र्याला कॅनबेरा या टेहळणी विमानांच्या फोटो सेक्शनमध्ये होते. धुळ्याच्या आग्रा रोडवर लहानाचे मोठे झाले आणि नोकरी थेट आग्र्याला, हे ते प्रत्येकाला सांगतात. कॅनबेरा आपल्याकडे १९५७ मध्ये आलं आणि २००७ मध्ये आग्र्यालाच निवृत्त झालं. पन्नास वर्षं! १९९९ च्या मे महिन्यात कारगिलवर फोटो काढताना १०६ स्क्वाड्रनच्या एका कॅनबेराला क्षेपणास्त्र लागलं, तरी वैमानिकांनी ते परत आणून उतरवलं. आप्पा तेव्हा सेवेत नव्हते, पण ही हकीकत ते घरातल्या माणसाबद्दल बोलावं तशी सांगतात.

आप्पा स्वतः विमानात बसत नसत. विमान उतरलं की मॅगझिन काढायचं, डार्करूमकडे धावायचं, धुवायचं, वाळवायचं, छापायचं, जुळवायचं. खाली माणसं ताटकळत उभी असायची. कुठले फोटो, कशाचे, ते आप्पा आजही सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. पण कसे, हे मात्र खुल्या दिलाने सांगतात. आपल्याला हवंय तेही तेच.

त्यांनी पहिल्यांदा गणित मांडायला लावलं. कॅनबेरात याहून मोठे एफ-५२ कॅमेरे असत, पण हिशेब माझ्या ५ इंची निगेटिव्हचाच केला. २० इंची लेन्स, उंची २०,००० फूट, म्हणजे प्रमाण १:१२,०००. एका फोटोत जमिनीचा ५,००० फुटांचा चौरस येतो. स्टिरिओसाठी प्रत्येक फोटोने आधीच्या फोटोचा ६० टक्के भाग पुन्हा घ्यायचा, म्हणजे दर २,००० फुटांवर एक फोटो. ३०० नॉटच्या वेगाला हे साधारण दर चार सेकंदांनी. आपल्या दोन डोळ्यांत अंतर जेमतेम साडेसहा सेंटिमीटर. दोन फोटोंमध्ये २,००० फूट टाकले की राक्षसाच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी जमीन उठून दिसते.

हेच तत्त्व बांधावर आणलं. विषयाच्या अंतराच्या तिसाव्या भागाइतकं सरकायचं, असा ढोबळ नियम आहे. दीड किलोमीटरला ५० मीटर. ८ इंची लेन्सने निगेटिव्हवर डोंगर जवळपास ७ मिलिमीटर सरकतो, स्टिरिओस्कोपला (एकेका डोळ्याला एकेक फोटो दाखवणाऱ्या भिंगांच्या जोडीला) तेवढं पुरेसं होतं.

एप्रिल-मेमधल्या निगेटिव्ह मात्र फिक्या आल्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लांबचं सगळं धुरकट असतं, आणि निळ्या प्रकाशालाच संवेदनशील असलेली फिल्म नेमकी ती धूसर निळाई टिपते. आप्पांचं उत्तर तयार होतं: पिवळा फिल्टर. हवाई छायाचित्रणात तो नेहमीचाच. पण निळ्या फिल्मपुढे पिवळा फिल्टर लावला तर ती जवळपास आंधळीच होते. म्हणून हिरव्या प्रकाशालाही दाद देणारी एक्स-रे फिल्म आणली आणि मृगाच्या दोन सरी पडून हवा धुतली जाईपर्यंत थांबलो. किल्ल्याच्या खालची कातळाची पट्टी आता वेगळी मोजता येते.

डेव्हलपरसाठी पाणी २० अंशांवर हवं. इथल्या नळाला ते हिवाळा सोडला तर कुठून मिळणार? पाणी कोमट असलं की लेप फुगतो आणि कडेने सुटतो. ट्रे बर्फाच्या परातीत ठेवायचा, ही आप्पांची आग्र्याची सवय. थर्मामीटर माझा, पण विश्वास त्यांच्या बोटावर. बोट बुडवून ते "आजून थोडा बर्फ" म्हणतात आणि पारा नेमका दोनेक अंश वर असतो.

छापलेली जोडी स्टिरिओस्कोपखाली ठेवली तर आप्पांनी आधी डावा-उजवा फोटो मुद्दाम उलटा लावला. डोंगराची दरी झाली. मग सरळ करून डोळा लावला आणि ओरडले, "डोंगर उना रे वर!" (उना म्हणजे आला). त्यानंतर सावल्यांचा धडा. विमानातून सरळ खाली काढलेल्या फोटोत सावल्या बघणाऱ्याच्या दिशेला पडतील असाच कागद धरायचा. उत्तर दिशा वर ठेवली तर आपल्याकडे सावल्या दूर जातात, आणि खड्डा टेकाडासारखा दिसू शकतो. बंकर की खड्डा, हे ठरवणाऱ्या माणसासाठी ही केवढी गोष्ट आहे!

अमळनेरकडचे एक बाबाही परवा येऊन गेले. ते तोफखान्यात, आवाजावरून शत्रूची तोफ शोधणाऱ्यांतले. एका रांगेत मायक्रोफोन लावायचे आणि आवाज कुठे किती उशिरा पोचला त्यावरून जागा काढायची. ही विद्या पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅगने उभी केली. १९१५ चं नोबेल मिळालं तेव्हा तो २५ वर्षांचा होता आणि याच कामावर होता. बाबांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: हवेचं तापमान आधी घ्या. शून्य अंशाला आवाज सेकंदाला ३३१ मीटर जातो, भुसावळच्या ४५ अंशांत जवळपास ३५८. एवढ्या फरकाने तोफ भलत्याच शेतात दाखवली जाते. फोनचे माइक वापरून हा प्रयोग करायचा ठरलाय. बाबा सोबत बसणार आहेत.

त्याआधी जोडीवरून लळिंगची उंची काढायची आहे. आणि कुणाकडे एफ-२४ चं मॅगझिन असेल, मोडकं असलं तरी, तर कळवा. गिअरची फक्त मापं मिळाली तरी भुसावळचे खरादवाले ते करून देतील.