लांबच्या मोटारप्रवासात फोनचे चार्जिंग : पॅड, केबल आणि ऊन

पहाटे निघून रात्री उशिरा मुक्कामी पोचलेल्या एका लांबच्या मोटारप्रवासाचा हा वृत्तांत आहे. मात्र त्यात वाटेतील स्थळांचे वर्णन नाही. गाडीत आम्ही चौघे होतो. पुढे नकाशा दाखवणारा माझा फोन होता आणि उरलेले तीन फोन मागेपुढे फिरत होते. गाडीत गिअरच्या पुढच्या खोबणीत वायरलेस चार्जिंगचा पॅड, त्याशेजारी जुन्या चौकोनी तोंडाचा एक यूएसबी पोर्ट आणि त्याखाली १२ व्होल्टचे गोल सॉकेट अशी सोय होती. एवढी साधने असताना चार्जिंगचा विचार वेगळा करावा लागू नये, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात या तिन्हींतून मिळणारी वीज एकसारखी नसते, आणि हा फरक दोन तासांच्या फेरीत न जाणवता दिवसभराच्या प्रवासात जाणवतो.

निघण्यापूर्वीच कळून घ्यावी अशी एक गोष्ट म्हणजे गाडीतील यूएसबी पोर्ट कशासाठी दिलेला आहे. अनेक गाड्यांमध्ये तो मुख्यतः गाडीचा पडदा आणि फोन यांच्यात माहितीची देवाणघेवाण व्हावी म्हणून असतो. यूएसबी २.० च्या मूळ नियमानुसार असा पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट एवढीच वीज देण्यास बांधलेला असतो. काही गाड्यांतील पोर्ट त्याहून उदार असून दीड अँपिअरपर्यंत जातात. आजच्या ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. अडीच वॅटने ती भरायची तर फोन बंद ठेवूनही, वाटेत वाया जाणारी ऊर्जा धरून आठ तासांहून अधिक वेळ लागेल, आणि पडदा उजळलेला, नकाशा चालू, मोबाइलचे जाळे क्षीण अशा अवस्थेत तर येणारी वीज खर्चालाच पुरणार नाही. पोर्टजवळ बॅटरीचे किंवा विजेचे चिन्ह असल्यास तो बहुधा चार्जिंगसाठी अधिक प्रवाह देणारा असतो. गाडीच्या पुस्तिकेत त्याचे अँपिअर दिलेले असतात आणि ते पाहण्यास मिनिटभरही लागत नाही.

पहाटेच्या थंडाव्यात मी फोन पॅडवरच ठेवला. नकाशा गाडीच्या पडद्यावर दिसत असल्याने फोनचा स्वतःचा पडदा बंद होता, आणि ही फार मोठी अनुकूलता असते, कारण उन्हात पूर्ण उजळलेला पडदा हाच बहुधा फोनमधील सर्वांत खर्चिक भाग ठरतो. चार्जिंग हळू होत असले तरी आकडा वर सरकत होता. आमच्या पॅडप्रमाणे बहुतेक पॅड ‘ची’ (Qi) या वायरलेस चार्जिंगच्या मानकावर चालतात. पॅडमधील वेटोळ्यात वेगाने उलटसुलट होणारा प्रवाह सोडला जातो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे फोनच्या पाठीमागील वेटोळ्यात वीज निर्माण होते. या मानकाची मूळ पातळी ५ वॅटची आहे. पुढे ती १५ वॅटपर्यंत वाढली, पण त्यासाठी पॅड आणि फोन दोघांनीही वरची पातळी मान्य करावी लागते. पॅडवर १५ वॅट असे छापलेले असले तरी जुना फोन ५ वॅटच घेईल, आणि कित्येक आयफोन साध्या ‘ची’ पॅडवर साडेसात वॅटवर थांबतात.

ऊन चढू लागले तशी परिस्थिती पालटली, आणि या प्रवासातून मला ठामपणे सांगावेसे वाटते ते इथेच. गाडीत चार्जिंगचा खरा अडसर वॅट नसून उष्णता हा आहे. वायरलेस पद्धतीत केबलच्या तुलनेत बरीच जास्त ऊर्जा वाया जाते, आणि ती उष्णतेच्या रूपाने पॅडमध्ये व फोनच्या पाठीत, म्हणजे नेमकी बॅटरीच्या जवळ साठते. त्यात प्रोसेसर नकाशा आखत असतो, गाडीच्या पडद्याशी असलेल्या बिनतारी जोडणीमुळे वायफाय अखंड चालू असते, आणि समोरच्या काचेतून येणारे ऊन त्या खोबणीपर्यंत पोचत असते. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेतच चार्ज करायची असते. त्यामुळे तापमान वाढताच फोन आधी प्रवाह कमी करतो आणि मग थांबवतो. दुपारच्या सुमारास माझा फोन पॅडवर असूनही एकेक टक्का उतरू लागला, आणि थोड्याच वेळात तापमानामुळे चार्जिंग थांबवल्याची सूचना त्याने दिली. असे झाल्यावर फोनमध्ये बिघाड झाला असे समजू नये. तो स्वतःचे रक्षण करत असतो. त्याला बर्फाजवळ किंवा थंड पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण एकदम थंड केलेल्या फोनच्या आत बाष्प जमू शकते.

त्याऐवजी आम्ही तीन गोष्टी केल्या. फोन आवरणातून बाहेर काढला, एसीच्या जाळीला अडकवायच्या होल्डरमध्ये ठेवला आणि चार्जिंग केबलवर घेतले. थंड हवेचा झोत फोनच्या पाठीवर येऊ लागल्यावर थोड्याच वेळात चार्जिंग पूर्ववत सुरू झाले. या प्रकारचा होल्डर मला काचेवर चिकटणाऱ्या होल्डरपेक्षा एवढ्यासाठीच पसंत आहे. काचेवरचा फोन दिवसभर उन्हाला सामोरा असतो. अर्थात थंडीच्या दिवसांत हीटर लावला की हीच जाळी गरम हवा सोडते, तेव्हा त्या बाजूची झडप बंद करावी. ज्यांच्या गाडीतील पॅडला स्वतःचा छोटा पंखा आहे त्यांचा अनुभव माझ्याहून बरा असेल.

केबलच्या बाबतीत लोक चार्जरवर विचार करतात आणि केबल हाताला लागेल ती उचलतात. आमच्या एका सोबत्याजवळ दोन मीटरची, दिसायला देखणी केबल होती. मागच्या सीटपर्यंत पोचते म्हणून तिचे कौतुक होते. काही वेळाने मागून मेहुण्यांचा आवाज आला, “दाजी, माझा फोन मघापासून चौसष्टवरच अडून बसला आहे.” चार्जर तोच ठेवून दुसरी, आखूड व जाड केबल लावताच आकडा हलू लागला. कारण साधे आहे. बारीक तारेच्या दोन मीटर केबलमध्ये जाणारी आणि परतणारी तार मिळून पाऊण ओहमहून अधिक रोध सहज होतो. दोन अँपिअर वाहू लागले की ५ व्होल्टपैकी दीड व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्च होतो. फोनला हे जाणवते आणि तो आपली मागणी कमी करतो. लांब केबल हवीच असेल तर जाड तारेची घ्यावी, अन्यथा मीटरभर लांबी पुरेशी मानावी.

याच अडचणीवर यूएसबी पॉवर डिलिव्हरी या पद्धतीत चांगला उपाय आहे. टाइप-सी तोंडाचा चार्जर आणि फोन परस्परांशी आधी बोलणी करतात आणि दोघांना मान्य असल्यास दाब ५ ऐवजी ९ व्होल्ट किंवा त्याहून अधिक ठरवतात. तेवढीच शक्ती ९ व्होल्टने पाठवली तर प्रवाह कमी लागतो आणि केबलमधील हानी एक तृतीयांशाच्याही खाली येते. म्हणून गोल सॉकेटमध्ये बसणारा, पॉवर डिलिव्हरी असलेला निदान ३० वॅटचा चार्जर घ्यावा, असे मी सुचवीन. आपला फोन पीपीएस या सुविधेवर वेगवान चार्जिंग करत असेल तर ती अक्षरे चार्जरवर आहेत का हेही पाहावे. त्यात दाब बारीक पायऱ्यांनी बदलत असल्याने फोनच्या आत होणारी उष्णता कमी राहते, आणि गाडीत आपल्याला तीच कमी करायची असते. काही कंपन्यांची स्वतःची वेगवान पद्धत फक्त त्यांच्याच चार्जर-केबलच्या जोडीवर चालते. इतर चार्जरवर तो फोन चार्ज होतो, पण वेग फार कमी असतो.

घाटाच्या वळणांवर पॅडचा दुसरा दोष दिसला. फोन खोबणीत थोडासा सरकला की दोन्ही वेटोळ्यांची केंद्रे जुळत नाहीत, चार्जिंग तुटते, पुन्हा जुळते, आणि प्रत्येक वेळी फोन आवाज करून पडदा उजळतो. रात्री चालकाच्या डोळ्यांना याचा किती त्रास होतो हे सांगायला नको. ज्या फोनच्या पाठीत चुंबकांचे कडे आहे त्यांना ही अडचण फारशी येत नाही. ॲपलने २०२० मध्ये मॅगसेफच्या रूपाने हे कडे आणले आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘ची २’ या मानकाने तीच कल्पना सर्वांसाठी खुली केली. नव्याने होल्डर घेणाऱ्याने चुंबकी होल्डर घ्यावा. मात्र फोनच्या पाठीला किंवा आवरणाला साध्या चुंबकी होल्डरसाठीची लोखंडी चकती चिकटवलेली असेल तर ती काढल्याशिवाय वायरलेस चार्जिंगच्या फंदात पडू नये. चकती तापते आणि चार्जिंग होत नाही. नाणी, किल्ल्या, कार्डे यांनाही पॅडवर जागा नाही. पॅड परक्या धातूची चाहूल घेऊन थांबतो खरा, पण आवरणाच्या खिशातील चिपचे कार्ड त्याच्या नजरेतून सुटू शकते आणि खराब होऊ शकते. गाडीची बिनकिल्लीची चावी पॅडशेजारी ठेवल्यास गाडीला ती ओळखता न येण्याची शक्यता असते. पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत तसा इशारा असतो.

मागच्या सीटवरील दोघांसाठी दोन तोंडांचा चार्जर होता. अशा चार्जरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले वॅट बहुधा एकूण असतात. दुसरा फोन जोडला की पहिल्याचे चार्जिंग क्षणभर थांबून वाटणी नव्याने ठरते, आणि पहिल्याचा वेग उतरतो. म्हणून नकाशाच्या फोनला त्याचा वेगळा चार्जर द्यावा आणि बाकीच्यांनी आळीपाळीने भरून घ्यावे. बॅटरी साधारण ८० टक्क्यांपुढे हळूहळूच भरते, तेव्हा वाटेत कोणाचाही फोन शंभरपर्यंत ताणण्यात अर्थ नाही; ऐंशीला काढला की रांगेतल्या पुढच्याला जागा मिळते. घाटात रेडिओचे केंद्र अंधुक झाले तेव्हा चार्जर लावताच खरखर वाढत होती आणि काढताच कमी होत होती. हलक्या चार्जरमधील विजेचे जलद उघडझाप करणारे परिपथ नीट झाकलेले नसले की असे होते. असा चार्जर मी दूरच्या प्रवासात ठेवणार नाही.

दुपारच्या थांब्यावर फोन गाडीत ठेवून उतरू नये, पॉवर बँक तर मुळीच ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ६० अंशांच्या वर जाऊ शकतो. ॲपलने आयफोनच्या वापरासाठी सभोवतालचे तापमान ० ते ३५ अंश असे सांगून उभ्या गाडीत फोन ठेवण्याविरुद्ध स्पष्ट सूचना दिलेली आहे, आणि इतर फोनची बॅटरी काही वेगळ्या रसायनाची नसते. आपल्या गाडीचे सॉकेट इंजिन बंद केल्यावरही चालू राहते का, हेही एकदा तपासावे. राहत असेल तर रात्रीच्या मुक्कामी चार्जर उपसून ठेवावा. त्याच्या दिव्याचा खर्च किरकोळ असला तरी फोन लावून विसरल्यास गाडीच्या म्हाताऱ्या बॅटरीची सकाळी परीक्षा होते. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत काही सॉकेटे क्षणभर मरतात, त्यामुळे फोनचे चार्जिंग तुटून जोडले गेल्यास काळजीचे कारण नाही.

संध्याकाळी एका चाकात हवा कमी वाटली, तेव्हा हवेचा छोटा पंप त्याच सॉकेटला जोडायची वेळ आली. मागून सूचना आली की दोन तोंडांचा जोड लावून पंप आणि चार्जर एकत्र चालवावेत. पंपावरील पट्टी वाचली तर तो एकटाच १० अँपिअर घेत होता, आणि सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते २० अँपिअरचा असतो. तेव्हा फोनचे चार्जर काढून ठेवले, इंजिन चालू ठेवून हवा भरली आणि मग फोन परत जोडले. फ्यूज उडालाच तर फोनचे चार्जिंग संपूर्ण बंद पडते आणि रस्त्यावर त्याचे कारण चटकन लक्षात येत नाही. म्हणून त्या सॉकेटचा फ्यूज कोणत्या डबीत आहे हे पुस्तिकेत आधीच पाहून ठेवावे आणि तेवढ्याच अँपिअरचा एक जादा फ्यूज जवळ बाळगावा. जास्त अँपिअरचा कधीही लावू नये, कारण तो फोनसाठी नव्हे तर डॅशबोर्डामागील तारा पेटू नयेत म्हणून बसवलेला असतो.