ढिगाऱ्यातला पोशाख

“एवढा बलाढ्य माणूस आहे, मग त्याने डेअरडेव्हिलला सरळ मारून का टाकले नाही?” १९८६ सालची ‘बॉर्न अगेन’ ही डेअरडेव्हिलची कॉमिक मालिका मिटता मिटता भाच्याने आज विचारले आणि त्या प्रश्नाने दिवसभर माझा पिच्छा सोडला नाही.

न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागातला अंध वकील मॅट मर्डॉक हाच मुखवटा घालून गुन्हेगारांशी लढणारा डेअरडेव्हिल आहे, हे गुपित हाती लागल्यावर गुन्हेगारी जगताचा म्होरक्या किंगपिन, म्हणजे विल्सन फिस्क, पिस्तूल उचलत नाही. मॅटची खाती गोठवली जातात, कर खात्याचा ससेमिरा मागे लागतो, एका पोलीस अधिकाऱ्याच्या खोट्या साक्षीने वकिलीची सनदही जाते. आणि हे सारे रीतसर कागदांवर घडत असल्यामुळे ज्याच्याशी दोन हात करावेत असा शत्रूच मॅटला दिसत नाही.

मूळचा स्पायडरमॅनचा हा खलनायक (१९६७) या मालिकेचा लेखक फ्रँक मिलर याने डेअरडेव्हिलच्या वाट्याला आणला, ते मला फार योग्य वाटते. भिंतींवर चढणाऱ्या नायकापेक्षा कायद्यावर विश्वास ठेवणारा वकीलच त्याच्या तावडीत खरा सापडतो.

मग फिस्क एक अनावश्यक गोष्ट करतो. तो मॅटचे घर स्फोटाने उडवून देतो. ढिगाऱ्यात स्वतःचा लाल पोशाख हाती लागतो, तेव्हा कुठे मॅटला कळते की हे दुर्दैव नव्हते, यामागे फिस्कचा हात आहे.

तो स्फोट घडवण्याचा मोह फिस्कने आवरला असता, तर मॅट कोणाविरुद्ध उभा राहिला असता?