घरची ई-६: पाचवा रोल आणि बाटलीतल्या गोट्या

ई-६ म्हणजे स्लाइड फिल्म धुण्याची प्रक्रिया. तिचं डिसेंबरात फोडलेलं एक लिटरचं तीन-बाथ किट (पहिला डेव्हलपर, रंगाचा डेव्हलपर आणि ब्लिक्स) जूनपर्यंत पुरवायचं ठरवलं होतं. काल पाचवा रोल धुतला. किट पुरतंय, पण चौथ्या रोलनं चांगलाच हिसका दाखवला.

एप्रिलमध्ये एक्टाक्रोम ई१०० ही स्लाइड फिल्म घेऊन पुण्याजवळच्या भुलेश्वरच्या देवळात गेले होते. रोल स्पूलवरून काढला तेव्हा दुधी दिसत होता, त्यात काही नवल नाही. ओली स्लाइड फिल्म तशीच दिसते, वाळेपर्यंत जीव टांगणीला लागतो. वाळल्यावर मात्र सगळंच काळपट. देवळाच्या आतलं कोरीवकाम अंधारात गडप, आणि बाहेर भर उन्हात काढलेल्या फ्रेमसुद्धा अर्ध्या-पाऊण स्टॉपनं (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड) कमी. मीटरिंग (उजेड मोजणं) चुकलं म्हणावं, तर फिल्मच्या कडेचे आकडेही मंद होते. ते कारखान्यातच एक्स्पोज होऊन येतात, माझ्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. म्हणजे गडबड धुण्यातच.

आता ब्लिक्स की पहिला डेव्हलपर? ब्लिक्स म्हणजे ब्लीच आणि फिक्सर एकत्र; ते अपुरं पडलं की चांदी फिल्ममध्येच राहते, तरीही स्लाइड मळकट दिसते. पण ते वाळल्यावरही सुधारता येतं. एक पट्टी कापली, निम्मी ताज्या ब्लिक्समध्ये दहा मिनिटं बुडवली, धुतली, वाळवली आणि टॅबलेटच्या पांढऱ्या स्क्रीनवर ठेवली. दोन्ही अर्धांत काडीचा फरक नाही. चोर सापडला: पहिला डेव्हलपर.

पहिला डेव्हलपर फक्त निगेटिव्ह तयार करतो. त्यानं न वापरलेल्या हॅलाइडच्या (चांदीच्या प्रकाश टिपणाऱ्या क्षाराच्या) जागीच पुढे रंग बनतो. तो थकला की हॅलाइड जास्त उरतं, रंग जास्त बसतो आणि स्लाइड गडद होते. रंगीत निगेटिव्ह स्कॅन करताना सांभाळून घेता येतं, इथे तेवढी माफी नाही.

तो थकला माझ्याच आळसामुळे. डिसेंबरात निम्मंच किट कालवलं होतं, ५०० मिली, पण ठेवलं लिटरच्या बाटलीत. म्हणजे निम्मी बाटली हवा! तीन रोल जानेवारीपर्यंत झाले, मग तीन महिने ती तशीच कपाटात. एप्रिलमध्ये रंग फिक्या चहासारखा झाला होता, तरी मी वापरला. किटच्या कागदावरची वाढीव वेळ रोलांच्या संख्येप्रमाणे दिली होती. हवेनं खाल्लेल्या महिन्यांचा हिशेब तिथे नसतो.

उरलेले कॉन्सन्ट्रेट (पाणी न घातलेली घट्ट रसायनं) मात्र नीट होते. होमिओपॅथीच्या दुकानातल्या तपकिरी काचेच्या बाटल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, वरच्या जागेत लायटरमध्ये भरायच्या गॅसचा एक फुसका. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो आणि ऑक्सिजनला वर ठेवतो. (हे काम बाल्कनीत. स्वयंपाकघरात अजिबात नाही.) त्यातून काल उरलेलं ५०० मिली आरओच्या पाण्यात कालवलं. ३८ अंश, पहिला डेव्हलपर सहा मिनिटं, जादा एक सेकंदही नाही. आकडे लख्ख, आकाश निळं! सहा महिने कॉन्सन्ट्रेट टिकले, हे माझ्यापुरतं सिद्ध.

तापमानाचं म्हणाल तर पुण्यात उन्हाळा मदतीला येतो. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणीच इतकं तापलेलं असतं की टबातल्या सू-व्हीद काडीला (पाणी ठरावीक तापमानाला ठेवणाऱ्या हीटरला) फारसं काम उरत नाही. डिसेंबरात पाऊण तास वाट बघत बसले होते. पहिल्या डेव्हलपरला अर्ध्या अंशाची चूकही दिसते, बाकीचे बाथ तेवढे हट्टी नाहीत.

कालवलेला डेव्हलपर आता ५०० च्याच बाटलीत. दर रोलला थोडा सांडतो, थोडा स्पूलला चिकटून जातो. तेवढ्या जागेत धुतलेल्या काचेच्या गोट्या टाकते, पातळी परत झाकणाला टेकते. आईनं विचारलं, या गोट्या कुणाच्या? बाटलीवर लाल अक्षरांत ‘विष’ लिहिलंय, त्यामुळे तिनं हात लावला नाही.

वाळलेल्या स्लाइड पॉलिप्रॉपिलीनच्या कव्हरात, सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. पावसाळ्यात रंग उडण्याआधी बुरशीच येते.

सहावा रोल प्रोव्हिया १००एफ, हीसुद्धा स्लाइड फिल्म, फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे आहे. त्याआधी आणखी चार गोट्या लागतील.